हिरवी टिकली

बोईसर
१ डिसेंबर २०२५

नरहरीभाऊ यांस चंद्रभान खेडकरचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोललेलं पटत नाही. म्हणून आपलं हे कागदाचं बरं चाललंय. पॅकिंगला येताना तुमच्या सुनेनं तुमचं पत्र आणायचं आणि जाताना माझं न्यायचं. सपनाच्या डब्याच्या पिशवीला आता तेलाचा नाही, शाईचा वास येत असेल.

बातमी अशी. औद्योगिक वंगणांच्या पर्यावरण-लेबलाचं मानक बदलतंय. कोणत्या तेलाला ‘पर्यावरणाला कमी घातक’ म्हणायचं आणि ते डब्यावर कोणत्या शब्दांत, कोणत्या खुणेनं सांगायचं, हे नव्यानं ठरतंय. छोट्या कारखान्यांच्या वतीनं शेठनी मला समितीत पाठवलं. अकरा माणसं, त्यात दहा पदवीधर. अकरावा मी, दहावीला इंग्रजीत सत्तावीस मार्क. पण मसुद्यात खूण कुणाची घेतली? माझी.

तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्या कारखान्याच्या शेडमध्ये ड्रमवर टिकल्या मारायची पद्धत मी काढली तेव्हा ब्रश तुमच्याच हातात होता. लाल टिकली गिअरचं तेल, निळी हायड्रॉलिकचं, पिवळी कटिंगचं. निम्मे कामगार बिहार-ओडिशाचे, मराठी वाचता येत नाही, तरी एकोणीस वर्षांत एक ड्रम चुकीच्या गाडीत चढला नाही. आता जे तेल मातीत-पाण्यात सांडलं तरी कुजून जातं, त्याला हिरवी टिकली. भोवती हिरवी चौकट, कारण छपाईत शाई पसरली तर टिकली मुळात केवढी होती ते चौकटीवरून ताडता येतं. हे त्या दहांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ठाण्याचे एक सल्लागार पान, फूल आणि पृथ्वी असं चित्र घेऊन आले होते. मी एवढंच म्हणालो, साहेब, हे छोट्या डब्यावर छापलं तर कोबी दिसेल.

सोबत एक लिटरचा नमुना डबा, क्रमांक ७. एकूण बारा भरलेत. एरंडाच्या तेलावर बनवलंय. तुमच्या बोटीवर जाळं ओढायचा विंच आहे, त्याला घाला. तिथून तेल समुद्रातच गळतं, म्हणून परीक्षा तिथेच व्हायला हवी. पंधरा दिवस चालवून तापतो किती, आवाज कसा, ते लिहून कळवा. आवाजाचं तुमच्या मुलाला, रूपेशला विचारा. डबा बोटीवरच ठेवायचा, घरात न्यायचा नाही. तशी चिठ्ठी जोडली आहे, सही करून परत पाठवा.

लेबलही वाचा. शुद्धलेखनाची चूक दिसली तर सांगा, बाकी पक्कं आहे. ९ जानेवारीला मुंबईत शेवटची बैठक. तिथे मंजूर झालं की ही टिकली देशभरच्या डब्यांवर.

वहिनींना नमस्कार.

आपला
चंद्रभान खेडकर

*

नवापूर
५ डिसेंबर

मास्तर, रामराम.

डबा पोचला. चिठ्ठीवर सही केली हाय, सपनाकडे दिलीय. विंचला निम्मं तेल घातलं. रूपेश म्हनतो आवाज कमी झाला. मला तर आधीपासूनच कमी हाय. उरलेलं जपून ठेवलंय.

लेबल दोनदा वाचलं, चष्मा लावून. शुद्धलेखन बरोबर हाय. एकच खटकलं. ‘वनस्पतीजन्य’ मोठ्या अक्षरात घेतलंत, पन डबा अरुंद, म्हनून शब्द मोडलाय. वरती ‘वनस्पती’, खाली ‘जन्य’. तसंच ‘विषारी जड धातू नाहीत’ हेही दोन ओळींत गेलंय. तुमच्या नजरेला हे चाललं कसं? शेडमध्ये अक्षर अर्धं बोट सरकलं तर पुन्हा रंगवायला लावायचात.

हिरवी टिकली बघून बरं वाटलं. रंगाचा डबा, ब्रश आनि तुमचं ओरडनं, सगळं आठवलं.

आमच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार चालू हायत. काल दुसरा झाला. मासळीचं घर, त्यामुळे गुरुवारी हंसाचं सगळं वेगळं. कढई वेगळी, झारा वेगळा, तेलसुद्धा वेगळं. मी म्हटलं, एवढा समुद्र देवानेच केला ना? तर म्हनते, तुमाला ऐकू येत नाय तर बोलता कशाला.

नरहरी

*

नवापूर
१३ डिसेंबर, सकाळ

मास्तर, रामराम.

एक विचारायचं होतं. समजा ते नमुन्याचं तेल गावात कुनाच्या पोटात गेलं, चुकून. समजा दहा-बारा पुऱ्या तळून खाल्ल्या, आनि दुसऱ्या दिवशी शिळ्या चहाबरोबर. उलट्या झाल्या तर काय समजायचं? एरंडाचं तेल सोडून त्यात काय काय हाय ते सगळं लिहून द्या. डॉक्टर विचारतात.

सपना दुपारी तुमच्या टेबलाशी येईल, तेव्हाच तिच्या हाती द्या. तिला काय विचारू नका. विंचचं नंतर लिहितो.

नरहरी

*

बोईसर
१५ डिसेंबर

नरहरीभाऊ यांस नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी दुपारीच मिळालं. सपना उभी होती, मी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं. उत्तर दोन दिवसांनी देतोय, कारण राग आला होता. आता उतरलाय. तरी स्पष्ट लिहितो.

‘समजा’ म्हणजे काय? वंगण पुऱ्या तळायला घेईल असा माणूस कोण? डब्यावर कारखान्याचं नाव आहे, तेलाचा ग्रेड आहे, ‘औद्योगिक वापरासाठी’ असं मागच्या बाजूला तिसऱ्या ओळीत छापलेलं आहे. लेबल हे वाचण्यासाठी असतं. जो वाचत नाही त्याचा दोष लेबलावर घालता येत नाही.

खरं सांगा, हा प्रश्न तुमचाच आहे का? ठाण्याच्या सल्लागारांनी मागच्या बैठकीत अगदी हेच विचारलं होतं, ‘खेडकर, तुमची टिकली कुणी भलतीच समजली तर?’ ते डहाणूपर्यंतच्या कारखान्यांत फिरत असतात. तुम्हाला गाठून त्यांनी हे लिहवून घेतलं असेल तर मला वाईट वाटेल. बावीस वर्षं एका शेडमध्ये काढली आपण.

घटकांची यादी देता येणार नाही. गुपित राखायच्या कागदावर माझी सही आहे, आणि मी सही केली की पाळतो.

आता तुमच्या समाधानासाठी. मूळ तेल वनस्पतीचं आहे. औषधाचं एरंडेल लोक पितातच. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर दोन जुलाब होतील आणि मोकळं होईल. बाकी काही होत नाही. हे मी लिहून देतो.

शब्द मोडल्याबद्दल: डब्याचा घेर ठरलेला, अक्षराची किमान उंची मसुद्यात ठरलेली. गणित करून पाहा, दुसरं काही बसत नाही.

विंचचा अहवाल अजून आला नाही.

चंद्रभान खेडकर

*

नवापूर
१९ डिसेंबर

मास्तर,

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मला कुनी गाठलं नाय. सहज विचारलेलं. गावातल्या त्या मानसाच्या उलट्या थांबल्या. डॉक्टरला शिळं खाल्लं म्हनून सांगितलेलं, तेच ठेवलं. तुमी लिहून दिलंत म्हटल्यावर जिवाचा घोर गेला.

विंच पंधरा दिवस चालला. हात लावला तर कोमट. गळती नाय. रूपेश खूश हाय.

काल शेवटचा गुरुवार. हंसाने उद्यापन केलं. सात बायकांना बोलावलं, नवीन तेल दुकानातून आनलं. थकलीय, पन केलं.

नरहरी

*

बोईसर, पॅकिंग विभाग
३० डिसेंबर

चंद्रभानकाका,

हे बाबांना न सांगता लिहिते. समोर येऊन बोलले असते, पण पॅकिंगला सगळे कान देऊन असतात आणि मला रडू येईल.

ते तेल गावात कुणाच्या नाही, आमच्या आईंच्या पोटात गेलं. तिसऱ्या गुरुवारी, अकरा तारखेला. बंदरावर ठेवलेला डबा संध्याकाळपर्यंत राहत नाही, म्हणून बाबांनी उरलेलं तेल घरी आणून फळीवर ठेवलं होतं. तुमच्या चिठ्ठीवर सही केली होती म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हे बोटीवर आणि मी सेकंड शिफ्टला. बाबा बंदरावर. आईंनी दिवसभर उपास करून संध्याकाळी नैवेद्याच्या पुऱ्या केल्या आणि एकट्याच जेवल्या. सकाळी उरलेल्या चहाबरोबर.

डबा मीच कंपनीतून आणला होता. दिवाळीला कंपनी गोड्या तेलाचा डबा देते, तसाच हाही आला असं त्यांना वाटलं. आणि काका, त्यावर हिरवी टिकली होती. चौकटीसकट. ती शाकाहारीची खूण आहे. बिस्किटाचा पुडा, मसाल्याचं पाकीट, तेलाची पिशवी, सगळ्यांवर असते. तुम्ही वर्षानुवर्षं खानावळीत जेवता, तुमच्या हातात पुडा कधी आला नसेल. पण मी तर घरात रोज बघते. इथे हजार लेबलं चिकटवली आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. कंपनीच्या गेटातून आत आलं की टिकली म्हणजे ग्रेड. घरी गेलं की टिकली म्हणजे खायचं.

उलट्या चार दिवसांत थांबल्या होत्या. परवा आई बोंबील वाळत घातलेत तिथपर्यंत गेल्या आणि मागे वळून बघतात तर उजव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडलेली. पडली हे त्यांना कळलंच नव्हतं. काल सकाळपासून दोन्ही पंजे लोंबतात. पाऊल उचललं की बोटं जमिनीला घासतात. पालघरला दाखवलं, दाखल करून घेतलंय. डॉक्टर तीनदा विचारतात, काही रसायन पोटात गेलं का? बाबा नाही म्हणतात. तुमचं पत्र त्यांच्या खिशात असतं. मास्तरांनी लिहून दिलंय, बाकी काही होत नाही, असं म्हणतात.

आईंनी आम्हाला शपथ घातलीय. लोक म्हणतील, हंसा मशीनचं तेल खाऊन बसली. पण आता मला शपथेचं काही वाटत नाही. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. आत काय आहे ते आज लिहून द्या.

सपना

*

बोईसर
३० डिसेंबर, सकाळचे ११.४०

नरहरीभाऊ,

सपनाचं पत्र ११.१० ला वाचलं. तिला रागावू नका.

सोबतचा कागद डॉक्टरांच्या हाती द्या. सात घटक, प्रमाणासह. मागे पुरवठादारांची सुरक्षा-पत्रकं टाचली आहेत. चौथ्या घटकाला लाल रेघ मारली आहे. ते झीज रोखणारं एक फॉस्फेट आहे. त्याच्या पत्रकात सहाव्या पानावर तळाला लिहिलंय: गिळल्यास सुरुवातीचा त्रास थांबला तरी दोन-तीन आठवड्यांनी हातापायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो. ते पान सर्वांत वर ठेवलं आहे. डॉक्टरांना इंग्रजी कळतं, तरी मी मराठी करून बाजूला लिहिलंय, तुमच्यासाठी.

ती ओळ मी पूर्वी वाचलेली आहे. चार वर्षांपूर्वी, शब्दकोश घेऊन, एकेक शब्द लावत. १५ तारखेला तुम्हाला पत्र लिहीत होतो तेव्हा ती फाइल माझ्या डाव्या हाताला होती. मी उघडली नाही.

सपना हे घेऊन रिक्षानं निघते आहे. बाकीच्या डब्यांचा हिशोब लावून मी मागून पालघरला येतो. बारापैकी दहा कंपनीच्या कपाटात आहेत, मी आत्ता मोजले. तुमचा एक. आणखी एक बाहेर आहे, तुमच्यासारखाच परीक्षेसाठी दिलेला, विक्रमगडच्या वाटेवर, बुधा नावाच्या गिरणीवाल्याच्या भात गिरणीत.

चंद्रभान

*

नवापूर
३ जानेवारी २०२६

मास्तर,

तुमी आलात, डॉक्टरशी बोललात, खाटेजवळ उभे राहिलात. हंसाने विचारलं, चहा घेतलात का? तुमी घड्याळ बघितलंत आनि गेलात. ती म्हनाली, मास्तर रागावलेत वाटतं. मी काय सांगनार?

माझी चूक मला माहीत हाय. सही केली आनि डबा घरात आनला. तेरा तारखेला खरं लिहायला हवं होतं, त्याऐवजी ‘समजा’ लिहिलं. ते मी माझ्या जिवाशी भोगीन. पन तुमचं पत्र मी सतरा वेळा वाचलंय. ‘दोन जुलाब होतील आनि मोकळं होईल. हे मी लिहून देतो.’ अक्षर तुमचंच. बावीस वर्षांत तुमच्या अक्षरात मला चूक सापडली नाय, म्हनून खरं मानलं. डॉक्टरचं नाय ऐकलं, तुमचं ऐकलं. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाय म्हटलं.

आनि त्याच पत्रात ‘वंगन पुऱ्या तळायला घेईल असा मानूस कोन’ असंही हाय. तो मानूस तुमाला पोळ्या वाढायचा, मास्तर. दर होळीला, पुरनाच्या.

डॉक्टर म्हनतात, नसा परत येतील किंवा नाय येनार. सहा महिने, वर्ष. आता काय सांगता येत नाय.

बैठकीत आमचं नाव काढू नका. गाव लहान हाय.

नरहरी

*

बोईसर
५ जानेवारी

नरहरीभाऊ,

तुमच्या पत्रातलं एकही वाक्य चूक नाही. घड्याळ मी पाहिलं, कारण वहिनींच्या पायांकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरांना मी व्हरांड्यात विचारलं, हा कागद १३ तारखेला मिळाला असता तर? ते कागद घेऊन आत गेले. शेडमध्ये मी कुणाचा प्रश्न अर्धवट सुटू देत नाही, हे तुम्ही जाणता. हा मी सोडला. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

३० तारखेला पालघरहून परस्पर बुधाकडे गेलो. डबा गिरणीत नव्हता. घरात होता, चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. सील शाबूत. त्याची बायको नवसी, तिला अक्षर येत नाही. मी विचारलं, हे इथे का ठेवलं? तिनं टिकलीवर बोट ठेवलं. म्हणाली, “खायाचा हाय ना? पोर घरी यायची हाय माझी, तवा फोडनार होती.” लेकीची वाट बघत होती म्हणून वाचली. मी डबा काखेत मारून रस्त्यापर्यंत आलो आणि मैलाच्या दगडावर बसून राहिलो. मला गाडी मिळत नाही असं समजून लोक थांबून विचारत होते.

आता पुढचं. मी दुसऱ्या दिवशीच समितीला लिहिलं, माझी खूण मागे घेतो. उत्तर आलं की खूण आता माझी राहिलेली नाही, ती मसुद्याची आहे. निव्वळ शंकेवरून ती काढता येणार नाही, घटना नोंदवावी लागेल: कोण, कुठे, कधी, काय समजून. नाव नसेल तर ती ऐकीव गोष्ट धरली जाईल. नवसीनं सील फोडलं नव्हतं, त्यामुळे ती घटना होत नाही म्हणे. शेठ म्हणतात, खेडकर, खूण आपली, तेल आपलं, ऑर्डर तोंडाशी आलेली, तुम्हीच कशाला बोट घालता? बैठकीला गेलात तर गप्प बसा.

गप्प मी बसणार नाही. १५ तारखेचं माझं पत्र, माझ्याकडच्या नकलेवरून, मी स्वतः तिथे वाचून दाखवणार आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्यानं फक्त एवढंच ठरेल की चंद्रभान खेडकर मूर्ख आहे. टिकली काढायला ते पुरणार नाही.

वहिनींचं नाव लागेल. त्या नाही म्हणाल्या तर मी नाव घेणार नाही, शब्द देतो, आणि हा शब्द फाइल उघडून देतोय. मात्र मग नऊ तारखेला टिकली मंजूर होईल. हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवा. उत्तर आठ तारखेपर्यंत हवं.

चंद्रभान

*

पालघर, दवाखाना
७ जानेवारी

मास्तरभाऊ,

सपना लिहिते, मी सांगते. तिला बजावलंय, माझं बोलनं सुधारू नको. हे बाजूला बसलेत, त्यांना ऐकू येत नाय, बरंच हाय.

तुमचं पत्र वाचून घेतलं. त्या नवसीचं ऐकून रात गेली नाय मला. तिची पोर आली असती आनि तिने डबा फोडला असता तर?

आता माझी लाज काय ती ऐका. तुमाला वाटतंय, यांनाही वाटतंय, की मी तेल खाल्लं म्हनून लाजते. तसं नाय. मी चौथी पास हाय. वाड्यातल्या बायकांचे फॉर्म मी भरते. दुकानात मी पुडा उलटा करते, तारीख बघते, टिकली बघते. दुकानदार म्हनतो, हंसाबाय आली की माझी परीक्षा होते. आनि आता गाव काय म्हनेल? हिला वाचता येत नाय. ती लाज हाय.

मी काय वाचलं ते सांगते, तसंच लिवा. वरती टिकली, हिरवी, चौकटीत. म्हंजे गुरुवारला चालतं. त्याखाली मोठं ‘वनस्पती’. डालड्याच्या डब्यावर असायचं तसं. त्याखाली वाचलं, ‘विषारी’. दचकले. मग पुढे बघितलं तर खालच्या ओळीत ‘नाहीत’. म्हटलं, बरं झालं, विषारी नाय असं लिहूनच दिलंय. कढईत घातलं तेव्हा वास आला, रबर तापल्यासारखा. मनात आलं, टाकून द्यावं. पुन्हा डबा हातात घेतला, पुन्हा वाचला. म्हटलं, एवढं लिहिलंय ते खोटं कसं असेल? माझ्या नाकाचं नाय ऐकलं, तुमच्या अक्षराचं ऐकलं. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं झालं.

नाव लिवा. हंसा नरहरी पागधरे, नवापूर. पुरं लिवा.

पन एक. ‘लेबल न वाचल्यामुळे’ असं कुठे लिवलंत तर बघा. मी हाय तशी खुरडत मुंबईला येईन. मी वाचलं म्हनून हे झालं, असं लिवा. दोनदा वाचलं.

आनि आलात की चहा घेऊन जा. घड्याळ घरी ठेवून या.

हंसा
(सही माझी मी केलीय)

*

बोईसर
१० जानेवारी

हंसावहिनी आणि नरहरीभाऊ यांस चंद्रभानचा नमस्कार.

बैठक साडेतीन तास चालली. मी नाव सांगितलं, पुरं. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न केला, “त्या बाईंनी लेबल वाचलं नव्हतं का?” १५ डिसेंबरला मी हेच लिहिलं होतं, जवळपास याच शब्दांत. मी वहिनींचं पत्र काढलं आणि वाचलं. ‘लिवा’चं ‘लिहा’ केलं नाही, ‘म्हंजे’चं ‘म्हणजे’ केलं नाही. मग त्याखाली माझं पत्र वाचलं.

ठाण्याच्या सल्लागारांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटं केलं आणि टेबलावर सरकवलं. त्यावर ती टिकली होती. अकरा माणसं, वहिनी, आणि प्रत्येकाच्या घरी ती टिकली आहे. टिकली काढायला पहिला हात त्यांनीच वर केला. मी त्यांची माफी मागितली, कोबीसुद्धा मागे घेतला.

टिकली गेली. चौकटही. शब्द ओळीत मोडायचा नाही, असं कलम माझ्या आग्रहानं घातलंय. पुढच्या बाजूला, सर्वांत वर, काय लिहायचं ते अजून ठरायचं आहे. तोवर मानक पुढे जाणार नाही.

शेठनी घटकांची यादी बाहेर दिल्याबद्दल खुलासा मागितला आहे. दीड पान दिलाय. पुढे काय ते बघू. शेडमधल्या ड्रमवरच्या हिरव्या टिकल्या आज थिनरनं पुसल्या, त्रेचाळीस. गोल डाग राहिलेत, ते जात नाहीत.

सपना म्हणाली, उजव्या पायाला अजून चप्पल कळत नाही. मी रोज विचारणार आहे, तुम्हाला वैताग आला तरी.

वहिनी, सोबत नव्या लेबलाचे चार मसुदे आहेत. नरहरीभाऊंनी आधी वाचू नयेत, सपनानं समजावून सांगू नये. प्रत्येक लेबल एका डब्यावर चिकटवून तुमच्या फळीवर ठेवा, रिकाम्या डब्यावर. आणि डब्यात काय असेल, त्याचं काय करावं असं तुम्हाला वाटलं, ते तुमच्या शब्दांत कळवा.

शुद्धलेखन बघू नका. ते मी बघितलंय.

चंद्रभान खेडकर